आठ इंचांची मूर्ती आणि दीडशे टक्के

पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही कंप्युटर बिघडला की मला फोन येतो. मी दारात उभी राहिले की घरातला माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो. दुरुस्त करणारा मागून येत असेल, अशी त्याची समजूत असते. या धंद्यात अठ्ठावीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी मागे बघणारे अजून भेटतात. पूर्वी राग यायचा. आता मी पिशवी खाली ठेवते, "माणूस नाय, मीच हाय" म्हणते आणि आधी चहा मागते. चहा येईपर्यंत निम्मा बिघाड गप्पांतून कळलेला असतो.

माझं माहेर कासूचं, दुकान पेणला. गडबच्या पुढे हायवेला दुकानं आहेत, कोलाडला हॉटेलं आहेत, रोह्याला कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिथली बहुतेक गिऱ्हाइकं एकमेकांच्या सांगण्यावरून आलेली. या अंकासाठी धंद्यातले मजेशीर किस्से लिहा, असा निरोप आला तेव्हा मी बराच वेळ विचार केला. मजेशीर किस्से भरपूर आहेत, पण त्यात गिऱ्हाइकाची फजिती असते आणि गिऱ्हाईक उद्या पुन्हा दुकानात येणार असतं. म्हणून ज्यात माझीच फजिती झाली तो किस्सा लिहिते. चूक माझी होती आणि ती निस्तरली गेली ती एका सत्तरीच्या म्हाताऱ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते.

त्याआधी थोडी धंद्याची गोष्ट सांगावी लागेल. कंटाळा करू नका, दारातल्या रांगोळीइतकीच ती सोपी आहे.

कंप्युटरचा पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपके. अक्षर काय, फोटो काय, सगळं ठिपक्यांचं. पूर्वीच्या पडद्यावर एका इंचात शंभरेक ठिपके असायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तोच हिशोब धरला: हे बटण इतके ठिपके रुंद, हे अक्षर इतके ठिपके उंच. मग नवे पडदे आले. एका इंचात दीडशेच्या वर ठिपके. आता तुम्ही पंधरा ठिपक्यांची रांगोळी बोटभर अंतर सोडून काढली तर दार भरून जातं, आणि तीच पंधरा ठिपक्यांची रांगोळी गव्हाच्या दाण्याएवढं अंतर सोडून काढली तर ती ताटलीत मावते. ठिपके तेवढेच, रांगोळी लहान. नव्या पडद्यावर जुन्या प्रोग्रामचं हेच झालं. सगळं सुबक, रेखीव आणि मुंगीएवढं.

यावर कंप्युटर चालवणाऱ्या सिस्टीमने एक तोड काढली. सेटिंगमध्ये एक आकडा असतो. शंभर टक्के म्हणजे आहे तसं. सव्वाशे, दीडशे, दोनशे म्हणजे त्या पटीत सगळं मोठं करून दाखवायचं. नवा पडदा जोडला की सिस्टीम आपली आपण एक आकडा सुचवते आणि आम्ही दुरुस्तीवाले बहुतेकदा मान डोलावून निघून येतो.

नवे प्रोग्राम शहाणे असतात. त्यांना कळतं की पडदा बदलला, मग ते आपली अक्षरं नव्या मापाने पुन्हा रेखीव काढतात. जुन्या प्रोग्रामना हे कळत नाही. मग सिस्टीम त्यांना खोटंच सांगते, "बाबा रे, तू आहेस त्याच जुन्या पडद्यावर आहेस." तो बिचारा जुन्या मापाने चित्र काढतो आणि सिस्टीम ते चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडद्यावर लावते. लग्नातला छोटा फोटो ताणून चौकातल्या बॅनरवर लावला की नवऱ्याचं नाक जसं पुसट होतं, तसं ते चित्र जरासं पुसट होतं. फार नाही, थोडंसं. दहातल्या नऊ जणांना ते कळतही नाही.

या एका आकड्याने मला किती फिरवलं म्हणून सांगू! रोह्याला एका कंपनीतल्या साहेबांच्या टेबलावर दोन पडदे होते, एक जुना आणि एक नवा. खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवली की मध्येच फुगायची. साहेबांनी तीन वेळा व्हायरस काढायला लावला. व्हायरस नव्हताच, दोन पडद्यांचे आकडे वेगळे होते. कोलाडच्या एका हॉटेलात तर आकडा इतका मोठा करून ठेवलेला की बुकिंगच्या प्रोग्रामचं 'सेव्ह' बटण पडद्याच्या खाली गेलं. दिसेच ना. पण काउंटरवरच्या मॅनेजरने हार मानली नव्हती. सात वेळा टॅब दाबून एंटर दाबलं की बुकिंग सेव्ह होतं, हे त्याने शोधून काढलं होतं आणि कागदाच्या चिठ्ठीवर 'सात टॅब, मग एंटर' लिहून देवाच्या फोटोखाली चिकटवलं होतं. मी आकडा कमी केला, बटण वर आलं, तर म्हणाला, "ताई, आता उगाच सवय मोडायला लागेल." लोक कशातून वाट काढतील, सांगता येत नाही.

आता धोंडूअण्णांची गोष्ट.

पेणला गणपतीचे कारखाने किती, हे मी सांगायला नको. अण्णांचा कारखाना लहान. साच्यातल्या मूर्ती त्यांचा मुलगा महेश बघतो. अण्णा स्वतः फक्त हाती मूर्ती करतात, म्हणजे साचा नाही, शाडूचा गोळा घेऊन नखशिखांत हाताने घडवलेली. अशा मूर्ती मागणारी घरं आता थोडी उरली. त्यातलं एक रोह्याच्या इंदूवहिनींचं. भातशेती करणारं जुनं घर. त्यांच्याकडे गणपतीचा चांदीचा मुकुट आहे आणि हातातली चांदीची कडी आहेत, सासूच्या सासूपासूनची. दागिने तेच, म्हणून मूर्ती दरवर्षी त्याच मापाची लागते. आठ इंच, ना सूत जास्त ना सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे सुतार आणि मूर्तिकार अजून सुतातच बोलतात.

मापासाठी अण्णा प्रत्येक घरच्या मूर्तीचा एक प्लास्टरचा नमुना फळीवर ठेवायचे. एका पावसाळ्यात कारखान्यात पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरचे नमुने भिजून फुटले. तेव्हा त्यांची सून सुप्रिया पुढे आली. वरच्या फळीवरचे जेवढे वाचले होते तेवढ्या सगळ्या नमुन्यांचे समोरून आणि बाजूने फोटो घेऊन तिने कंप्युटरवर चित्रं तयार केली. आणि पडद्यावर मूर्ती खऱ्या मापाची दिसेल अशी बेताने बसवून ठेवली. त्या वेळी पट्टी लावून माप जुळवायला मीच तिच्याबरोबर बसले होते. जुना बावीस इंची पडदा होता. आठ इंचांची मूर्ती पडद्यावर बरोबर आठ इंच. पुढे ते वाचलेले नमुनेही ओल लागून भुगा झाले, चित्रं तेवढी उरली.

तिचा बेत असा की अण्णांनी चित्र बघावं आणि माप कागदावर लिहून घ्यावं. अण्णांनी पहिल्याच दिवशी आपला लोखंडी कंपास काढला, दोन्हीकडे टोकं असलेला, आणि एक टोक पडद्यावरच्या गणपतीच्या कपाळावर नि दुसरं सोंडेच्या टोकाला टेकवून माप घेतलं, तसंच उचलून मातीवर लावलं. नमुन्यावरून चाळीस वर्षं असंच माप घेतलेलं. पडदा काय नि प्लास्टर काय!

"अण्णा, पडद्याला टोकं लावू नका हो," मी कळवळून म्हटलं. "चरे पडतील."

"तुला पडदा हवा का गणपती हवा, सांग," ते म्हणाले. "आकडे मला नाय जमत. कंपास उघडला की माप त्यात बसतं."

मग त्यांनी टोकांना मेणाचे बारीक गोळे लावले आणि पडदा वाचला. मी सर्व्हिसला गेले की पडद्यावर शाडूचे ठिपके असायचे, कपाळाला, खांद्याला, गुडघ्याला. ते पुसले की सुप्रिया हसायची. पाच-सहा वर्षं असं छान चाललं.

यंदा वैशाखात त्या पडद्यावर उभी रेघ आली. पडदा जुना झाला होता, दुरुस्तीत अर्थ नव्हता. मीच त्यांना नवा सत्तावीस इंची पडदा आणून दिला, भरपूर ठिपक्यांचा. "डोळ्यांना बरा," असं मीच सांगितलं. जोडला. सिस्टीमने दीडशे टक्के सुचवले, मी हो म्हटलं. सगळं मोठं आणि स्वच्छ दिसायला लागलं. सुप्रिया खूश. तेवढ्यात रोह्याहून फोन आला, तिकडे कोणाचं तरी ऑफिस ठप्प होतं. मी दहा मिनिटांत स्कूटर काढून गेले. पट्टी काढून पडद्याला लावली नाही.

ज्येष्ठात अण्णा इंदूवहिनींच्या मूर्तीला बसले. त्याच सुमारास मी कशासाठी तरी तिथे गेले होते, तेव्हा ते म्हणाले, "नलू, या पडद्यावर चित्र धुरकट दिसतंय गो."

मी वाकून बघितलं. मला तर छान दिसलं. सुप्रियालाही छान दिसलं. महेशलाही.

"अण्णा, डोळे एकदा तपासून घ्या," मी म्हटलं. "मोतीबिंदू असेल."

हे वाक्य मी किती सहज बोलले! ते मुकाट्याने जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठीक आहेत, चष्माही तोच चालेल. तरी आम्ही कोणी मागे वळून पडद्याकडे बघितलं नाही. सत्तरीचा माणूस आणि नवाकोरा पडदा, यात खोट कोणाची असणार, हे आम्ही तिघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

मूर्ती झाली, वाळली. इंदूवहिनींच्या घरची रीत अशी की रंगाआधी एकदा मुकुट घालून बघायचा. त्या रोह्याहून आल्या, स्टीलच्या डब्यात जुन्या लुगड्याच्या घडीत मुकुट आणि कडी. पुढचं मला सुप्रियाने सांगितलं. मुकुट डोक्यावर ठेवला आणि तो अलगद खाली उतरून भुवयांवर टेकला. कडं मनगटावर राहिना, कोपरापर्यंत घरंगळलं. कोणी हसलं नाही. महेशने पट्टी लावली. आठ इंचांच्या जागी साडेसात.

महेशला कारण लगेच सापडलं. शाडू वाळताना आटतो. ओल्या मातीची मूर्ती म्हणून थोडी मोठी घडवावी लागते, दर दोन इंचाला साधारण एक सूत. याला ते वाळणी धरणं म्हणतात. आठ इंचांची मूर्ती हवी तर ओली असताना साडेआठ करायची. वाळणी धरली नाही तर आठाची साडेसात होते, आणि इथे नेमकी साडेसातच झाली होती.

"बाबा, वाळणी धरायला विसरलात," महेश म्हणाला. रागाने नव्हे, हळूच म्हणाला. सुप्रिया म्हणते की त्या हळू बोलण्यानेच घात केला. अण्णा भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मूर्तीकडे बघत राहिले. वाळणी विसरणं म्हणजे मूर्तिकाराने श्वास घ्यायला विसरण्यासारखं. आधी डोळे, आता हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली कोरणी धुऊन पुसून फडक्यात गुंडाळली आणि महेशला सांगितलं, "रंग ढवळायचा असला तर सांग. घडवायचं माझं संपलं."

महेश चांगला मुलगा आहे, पण घाईचा. त्याने दोन कामं केली. कोलाडहून दोन घरांनी यंदा हाती मूर्तीसाठी विचारलं होतं, त्यांना फोन करून जमणार नाही म्हणून कळवलं. आणि इंदूवहिनींची मूर्ती बाहेरच्या साचेवाल्याकडून करून घ्यायची ठरवलं. साचेवाल्याला खऱ्या मापाचं चित्र कागदावर हवं होतं. कागदावर चित्र काढायला प्रिंटर जोडायचा होता. त्यासाठी मला फोन आला.

मी गेले तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. पावसाची उघडीप होती, समोर महेशची माणसं साच्यातल्या मूर्ती उन्हाला मांडत होती. एरवी मला बघितलं की काहीतरी टोमणा यायचा. त्या दिवशी फक्त "आलीस?" म्हणाले.

सुप्रियाने आत सगळं सांगितलं. "ताई, चाळीस वर्षांत बाबा कधी वाळणी विसरले नायत. मीच ही कंप्युटरची भानगड आणली नसती तर बरं झालं असतं. नमुन्यावरून केली असती त्यांनी डोळे झाकून."

"वय झालं की होतं गो," म्हटलं, आणि कामाला लागले. हे दुसरं वाक्य, जे मला परत घ्यायला आवडेल.

प्रिंटर जोडला. चित्र खऱ्या मापाने छापायला सांगितलं. कागद बाहेर आला, पट्टी लावली, बरोबर आठ इंच. सुप्रिया म्हणाली, "पडद्याशी ताडून बघा ना, छपाईत काय राहिलं तर." म्हणून मी कागद उचलून पडद्यावर धरला. मागून उजेड येत होता, त्यामुळे कागदावरचा गणपती आणि पडद्यावरचा गणपती दोन्ही एकदम दिसत होते. कागदावरच्या मूर्तीचा पाट मी पडद्यावरच्या मूर्तीच्या पाटाशी जुळवला. वर बघितलं, तर कागदावरच्या गणपतीचं डोकं पडद्यावरच्या गणपतीच्या डोक्याच्या वर आलेलं, चांगलं बोटाच्या रुंदीएवढं.

मला आधी वाटलं, कागद सरकला. पुन्हा नीट धरला. पुन्हा तेच. मग पट्टी घेतली आणि थेट पडद्याला लावली. पडद्यावरची मूर्ती साडेसात इंच होती.

जुन्या पडद्यावर इंचात शंभराच्या आसपास ठिपके होते. नव्या पडद्यावर एकशे साठच्या वर. त्याला सिस्टीमने दीडपट करून दाखवलं, पण दीडपट म्हणजे पुरेपूर नव्हे. आठाला अर्धा इंच कमी पडत होता. डोळ्यांना बरं दिसावं म्हणून सुचवलेला आकडा तो, माप जुळावं म्हणून कोणी सुचवलेलाच नव्हता. पडद्यावर कंपास लावणारा माणूस जगात कुठे असेल, हे त्या सिस्टीम बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. पण मला तर ठाऊक होतं! त्याचे शाडूचे ठिपके मी माझ्या हाताने पुसले होते.

"सुप्रिया, ती वाळलेली मूर्ती कुठाय?"

मूर्ती कोपऱ्यात फडक्याखाली होती. ती आणून मी पडद्याला टेकवली, चित्राच्या बाजूला. पाटाला पाट. डोक्याला डोकं. खांदा, गुडघा, सोंडेचं वळण. अण्णांचा कंपास तिथेच होता, तो घेऊन एकेक माप ताडलं. कुठे केसाचाही फरक नाही. पडदा साडेसात, वाळलेली मूर्ती साडेसात.

सुप्रिया मूर्तिकाराच्या घरातली. मला जे बोलायला दोन वाक्यं लागली असती ते तिला आधीच कळलं. तिने तोंडावर हात धरला. "ताई, मंग बाबांनी वाळणी धरली होती!"

धरली होतीच. पडद्यावरचं साडेसात घेऊन ते वाळणी विसरले असते, तर मूर्ती वाळून साताची झाली असती. ती साडेसाताची झाली, म्हणजे ओली आठाची घडवली होती. जे माप त्यांना दाखवलं गेलं, ते त्यांनी सुताच्याही आत बरोबर उतरवलं होतं. दाखवलंच चुकीचं गेलं होतं, आणि ते दाखवणारी मी.

आणि धुरकट? सुप्रिया चित्रं बघायला वापरायची तो प्रोग्राम जुना, वर सांगितला तसला. सिस्टीम त्याचं चित्र ताणून दाखवत होती. मी तेच चित्र एका नव्या प्रोग्राममध्ये उघडून शेजारी ठेवलं, आणि तेव्हा कुठे आम्हा दोघींना जुन्याचा पुसटपणा दिसला. चाळीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची रेघ ओढणाऱ्या माणसाला तो शेजारी काही न ठेवता दिसला होता. आणि मी त्याला मोतीबिंदू तपासायला पाठवलं.

बाहेर जायला मला जड गेलं. धंद्यात चुका होतात, मी पुष्कळ केल्यात, बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला न कळता दुरुस्त करता येतात. आकडा बदलायचा, "झालं" म्हणायचं, निघायचं. इथे तसं केलं असतं तर अण्णा जन्मभर पायरीवरच बसले असते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"अण्णा, तुम्ही वाळणी विसरला नव्हता. माझा पडदा लहान दाखवत होता. आठाची मूर्ती साडेसाताची दाखवत होता. मी जोडताना माप बघितलं नाय. चूक माझी हाय."

ते माझ्याकडे बघेनात. समोर मूर्ती वाळत होत्या तिकडे बघत म्हणाले, "माझी समजूत काढाय आलीस काय गो?"

"आत या आणि कंपास लावा."

आले. कागद, पडदा, मूर्ती, तिन्ही समोर ठेवली. अण्णांनी कंपास उघडला, कागदावरच्या कपाळापासून सोंडेपर्यंत लावला, तसाच पडद्यावर नेला. टोक सोंडेच्या पुढे गेलं. मग पडद्यावरून माप घेतलं आणि मूर्तीवर लावलं. बसलं. पुन्हा लावलं, खांद्यावर. बसलं. असं पाच-सहा ठिकाणी केलं. महेशही येऊन मागे उभा राहिला होता. सुप्रियाने त्याला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.

"मंग माझ्या हाताला काय नाय झालं," अण्णा म्हणाले. विचारलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं.

"नाय, अण्णा. आणि डोळ्यांनाही नाय. धुरकट होतंच. आम्हालाच दिसलं नाय."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढून पुसला. मी पटकन म्हटलं, "थांबा, आत्ता माप जुळवून देते, दोन मिनिटांचं काम हाय," आणि माउस हातात घेतला.

"हात नको लावू," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, चिडले. हक्कच होता त्यांचा.

"हे चित्र किती आटतं म्हणालीस? आठाला अर्धा?"

"व्हय. दर दोन इंचाला एक सूत म्हणा."

"आनि सगळीकडं सारखंच आटतं? का खाली जास्ती, वर कमी?"

"सगळीकडे सारखंच."

"मंग बरं हाय की! शाडूपेक्षा शहाणा हाय तुझा पडदा." त्यांच्या आवाजात जुना टोमणा परत आला होता आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. "शाडू पावसात एक आटतो, उन्हात दुसरं आटतो. त्याची वाळणी मी धरतो, तशी याची धरीन. दोन इंचाला एक सूत मातीचं, एक सूत पडद्याचं. मोठं छान दिसतंय सुप्रियाला, दिसू दे. तिचे डोळे कशाला खराब करायचे?"

मी इतकी वर्षं या आकड्याशी भांडतेय, कोणी तो वाढवायला सांगतं, कोणी कमी करायला. त्यालाही मातीसारखा एक स्वभाव आहे आणि तो धरून चालायचं, असं म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी माउस खाली ठेवला. फक्त जुना प्रोग्राम बदलून दिला, चित्राचं माप होतं तेवढंच ठेवून, धुरकटपणा जावा म्हणून. तेवढं त्यांनी करू दिलं.

त्यांनी नवी मूर्ती घडवली. आषाढात हवा दमट, शाडू लवकर वाळत नाही, दहा-बारा दिवस पंख्याखाली ठेवावी लागली. मला चैन नव्हतं. दोन सुतांचा हिशोब मी कागदावर चार वेळा करून बघितला होता, तरी रोज दुकान बंद करताना फोन करून "फुटली नाय ना? आटली किती?" विचारायचे. सुप्रियाच्या हसण्यावरून कळायचं, अण्णांना कसलीच काळजी नव्हती.

इंदूवहिनी पुन्हा आल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेले. डबा उघडला, लुगड्याची घडी सोडवली. त्यांनी मुकुट दोन्ही हातांनी धरून मूर्तीवर ठेवला. तो जिथे ठेवला तिथेच राहिला. त्यांनी बोटाने जरा हलवून बघितलं. हलला नाही. कडं मनगटात चढवलं, ते अडून बसलं.

"नेहमीसारखा झाला हो अण्णा," इंदूवहिनी म्हणाल्या. "मागल्या खेपेला काय झालं होतं?"

महेशने मान खाली घातली. मीही घातली. अण्णांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आता कोणाला धरतात असं आम्हाला झालं.

"काय नाय वहिनी," ते म्हणाले. "नवा पडदा हाय, त्याचा स्वभाव कळायला एक मूर्ती गेली."

इंदूवहिनींना काही कळलं नाही, पण मुकुट बसला होता, त्यांना तेवढं पुरे होतं. त्या चहा घेऊन रोह्याच्या गाडीला निघाल्या. अण्णांनी भिंतीकडच्या फळीवरून फडकं काढलं, गाठ सोडली, आतली कोरणी एकेक करून पाटावर मांडली. मग महेशला हाक मारली.

"कोलाडच्या त्या दोघांना तू नाय म्हणून सांगितलंस ना?"

"व्हय, बाबा."

"दिवस हायत अजून. लाव फोन."